शिक्षकाचा परवाना आणि दोन भाषा : अमेरिकेतील स्पॅनिश-इंग्रजी वर्गांची हकीकत

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

मित्रहो, मागच्या वेळी आपण 'प्रमाण' या शब्दावर बोललो. न्यायदर्शनात प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. पुढे मराठीत याच शब्दावरून आणखी दोन शब्द आले, प्रमाणपत्र आणि प्रमाण भाषा. त्या दिवशी उठता उठता आम्ही म्हणालो होतो की हे दोन शब्द एकमेकांवर आदळतात असे एक ठिकाण आम्ही पाहिले आहे. आज त्याविषयी बोलू.

आम्ही दोघं चार महिने टेक्सासमध्ये मुलीकडे होतो. नात दुसरीत. तिच्या शाळेत ड्युअल लँग्वेज वर्ग आहेत, म्हणजे काही विषय इंग्रजीत, काही स्पॅनिशमध्ये. वर्गातली साधारण निम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलणारी, बाकीची इतर. आमची नात त्या 'इतर'मध्ये. ती विज्ञान स्पॅनिशमध्ये शिकते, गणित इंग्रजीत, आणि आजीशी भांडते मराठीत. शाळेच्या एका कार्यक्रमात तिच्या बाईंशी ओळख झाली. घर सीमेलगतचं, पिढ्यान्‌पिढ्या स्पॅनिश बोलणारं. तरीही परवान्याच्या स्पॅनिश परीक्षेत बाई पहिल्या खेपेला नापास झाल्या होत्या. हे त्यांनी हसत सांगितलं. मग म्हणाल्या, "माझ्या आजीला शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल मार बसायचा." हे सांगताना हसल्या नाहीत.

एकाच घरात, एकाच राज्यात, आजीला त्या भाषेसाठी शिक्षा आणि नातीची त्याच भाषेसाठी परीक्षा. हे कसं झालं, एवढंच आज आपल्याला पाहायचं आहे.

सुरुवात १८४८ पासून करावी लागते. ग्वादालुपे इदाल्गोचा तह झाला आणि मेक्सिकोचा मोठा प्रदेश अमेरिकेकडे गेला. माणसं जागेवरच राहिली, सरहद्द त्यांच्यावरून पुढे सरकली. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या संविधानाने कायदे दोन्ही भाषांत छापायचे ठरवले. १८५५ मध्ये तिथल्या शाळांना फक्त इंग्रजीचा हुकूम निघाला. सहा वर्षं टिकला तो उदारपणा.

न्यू मेक्सिकोची गोष्ट वेगळी आहे, आणि आमच्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणपणाची. तिथे १९०९ मध्येच, राज्याचा दर्जा मिळायच्या आधी, एल रितो नावाच्या डोंगराळ गावात एक अध्यापक विद्यालय काढण्यात आलं. स्पॅनिश बोलणाऱ्या स्थानिक मुलामुलींना शिक्षक करून त्यांना स्पॅनिश भागातल्या शाळांत पाठवणं हा त्याचा उद्देश. पुढे १९१२ मध्ये न्यू मेक्सिको राज्य झालं. त्याच्या संविधानाच्या बाराव्या भागातलं आठवं कलम सांगतं की शिक्षकांना इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांत प्रवीण करण्यासाठी प्रशिक्षणाची तरतूद विधिमंडळाने करावी. शब्द बघा. परीक्षा घ्यावी असं नाही म्हटलेलं, प्रशिक्षण द्यावं असं म्हटलेलं आहे. आपल्याही संविधानात १९५६ साली ३५०-क हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याच्या पुरेशा सोयी असाव्यात, असं ते म्हणतं. पण ती सोय ज्याच्या अंगावर पडणार तो शिक्षक तयार कुठून होणार, यावर आपलं कलम गप्प आहे. न्यू मेक्सिकोचं कलम थेट शिक्षकापासून सुरू होतं. ते बराच काळ कागदावरच राहिलं, हा भाग निराळा. आपल्याला त्याचं नवल वाटायला नको.

आता टेक्सास. पहिल्या महायुद्धाचा काळ, जर्मन भाषेविरुद्ध देशभर राग. नेब्रास्कात एका शिक्षकाला मुलाला जर्मन शिकवल्याबद्दल २५ डॉलर दंड झाला. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९२३ मध्ये न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. तो तपशील आज सोडून देऊ. टेक्सासने १९१८ मध्ये कायदा केला की सरकारी शाळेत शिकवणं इंग्रजीतच. परकी भाषा विषय म्हणून शिकवायला मुभा, सीमेवरच्या भागांना पुढे थोडी सूट, पण मूळ नियम तोच. मोडणाऱ्या शिक्षकाला दंड, आणि त्याचं प्रमाणपत्र रद्द होऊ शकत असे. म्हणजे आज जे काम करण्यासाठी वेगळा परवाना काढावा लागतो, तेच काम केल्याबद्दल तेव्हा हातातला परवाना जात असे.

याच टेक्सासमध्ये, कोटुला नावाच्या गावात, १९२८ साली एक विशीतला तरुण मेक्सिकन मुलांच्या शाळेत शिक्षक म्हणून लागला. मुलं गरीब, सकाळी न जेवता येणारी. त्याने त्यांच्यासाठी खूप धडपड केली, आणि मैदानावरसुद्धा इंग्रजीच बोला असा आग्रहही धरला. त्याचं नाव लिंडन जॉन्सन. २ जानेवारी १९६८ रोजी अध्यक्ष म्हणून त्यांनीच द्विभाषी शिक्षणाच्या पहिल्या संघराज्य कायद्यावर सही केली. आम्हाला यात ढोंग दिसत नाही. मुलांचं भलं इंग्रजीत आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि चाळीस वर्षांनी त्यात थोडी भर पडली इतकंच.

त्याआधी पाच वर्षं, १९६३ मध्ये, मायामीत कोरल वे ही प्राथमिक शाळा दोन भाषांची झाली होती. फोर्ड फाउंडेशनचे पैसे, आणि क्यूबातून आलेले निर्वासित. १९५९ च्या क्रांतीनंतर देश सोडून आलेल्यांत शिक्षिका पुष्कळ होत्या. वर्षानुवर्षं शिकवलेल्या, अध्यापनशास्त्राच्या पदव्या घेतलेल्या बायका. पण फ्लोरिडाचा परवाना नाही. म्हणून त्यांना वर्गात घेतलं ते 'क्यूबन एड', म्हणजे मदतनीस, या नावाने. मायामी विद्यापीठात त्यांच्यासाठी पुनर्प्रशिक्षणाचे वर्ग निघाले आणि त्यातून पुष्कळ जणी परवानाधारक शिक्षिका झाल्या. कोरल वेमध्ये दिवसाचा अर्धा भाग स्पॅनिश, अर्धा इंग्रजी, आणि प्रत्येक भाषेला ती भाषा जन्मापासून बोलणारी शिक्षिका. दोघी एकत्र बसून पाठ आखायच्या. एकाच माणसाला दोन्ही भाषांत पारंगत असावं लागलं नाही. ही व्यवस्था खर्चिक, म्हणून पुढे पुष्कळ ठिकाणी दोन बाईंच्या जागी एक बाई आली, आणि परीक्षेचा प्रश्न तिथून खरा अवघड झाला.

न्यूयॉर्कमध्ये अडचण उलटी होती. पोर्तो रिकोची माणसं १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक. तिथून आलेल्या शिक्षकांना न्यूयॉर्कच्या परीक्षक मंडळाची तोंडी परीक्षा द्यावी लागे आणि तिथे उच्चार आडवा येई. इंग्रजी येतं, पण कानाला स्पॅनिश लागतं, म्हणून अडलं. ज्या मुलांना शिकवायचं त्यांच्या कानाला ते इंग्रजी कसं लागेल, हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. मग १९७४ मध्ये आस्पिरा या संस्थेने लावलेल्या दाव्यात शहराला द्विभाषी वर्ग मान्य करावे लागले, आणि ज्यांना दारात थांबवलं होतं तेच शिक्षक एकाएकी हवेसे झाले.

हवेसे झाले म्हणजे घाईही आली. त्या घाईचं चित्र १९८१ च्या कास्तान्येदा विरुद्ध पिकार्ड या खटल्याच्या निकालपत्रात सापडतं. टेक्सासच्या दक्षिण टोकाला रेमंडव्हिल गाव. तिथल्या शाळांत द्विभाषी वर्ग होते, पण निम्म्याच्या आसपास शिक्षकांना स्पॅनिश जेमतेम येत होतं. त्यांना तयार कसं केलं? १०० तासांचा अभ्यासक्रम. त्यात ७०० शब्दांचा संग्रह करून घ्यायचा. मग परीक्षा म्हणून स्पॅनिशमध्ये एक परिच्छेद लिहायचा, आणि लिहिताना शब्दकोश जवळ ठेवायला परवानगी! आपण हसतो, पण ज्या पोराला त्या ७०० शब्दांत शाळेचा दिवस काढायचा त्याला हसू येत नसणार. अपील न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की द्विभाषी वर्ग चालवायचे ठरवलंत, तर ते नीट शिकवू शकणारे शिक्षक पुरवणं ही तुमची जबाबदारी आहे.

मग परीक्षा कडक झाल्या. टेक्सासमध्ये आधी कॅसेटवर आवाज मुद्रित करून तोंडी परीक्षा घेत. आता चारही कौशल्यं तपासतात, ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं. पालकांच्या पत्राला उत्तर लिही, पाठाचं टाचण स्पॅनिशमध्ये काढ, अशा प्रकारचं काम. हे आम्हाला योग्य वाटतं. अपूर्णांक शिकवायचे तर छेदाला काय म्हणतात हे यायलाच हवं. स्वयंपाकघरातल्या स्पॅनिशवर विज्ञानाचा तास निघत नाही. गिल्बर्ट राइलने १९४९ मध्ये 'एखादी गोष्ट माहीत असणं' आणि 'ती करता येणं' यांत भेद केला. इथे तिसरीच गोष्ट आहे. बाईंना भाषा बोलता येते, शिकवताही येतं, पण त्या भाषेत शिकवता येण्यासाठी त्या भाषेत कधी शिकलेलं असावं लागतं.

नातीच्या बाई म्हणाल्या, "घरी आम्ही ट्रकला ट्रोका म्हणतो. परीक्षेला बसले आणि ट्रोका लिहू की नको यावरच हात थांबला." 'आनि-पानि' म्हणत वाढलेला आणि डी. एड.च्या पाठाला उभा राहिलेला मुलगा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. आमच्यापैकी काही जण तोच मुलगा होते. फरक इतका की त्या मुलाला निदान शाळेने बारा वर्षं प्रमाण मराठी वाचायला दिली होती. बाईंना त्यांच्या शाळेने काय दिलं? पहिलीपासून पदवीपर्यंत फक्त इंग्रजी. विज्ञान, गणित, इतिहास, सगळं इंग्रजीत. आणि मग परवान्याच्या दारात विचारलं, तुमचं स्पॅनिश शाळेतलं का नाही?

कॅलिफोर्नियात तर याचा हिशेबच मांडता येतो. १९९८ मध्ये मतदारांनी प्रस्ताव २२७ मंजूर केला आणि द्विभाषी वर्ग जवळजवळ बंद पडले. २०१६ मध्ये त्याच राज्याच्या मतदारांनी सुमारे ७३ टक्के मतांनी तो फिरवला आणि ड्युअल लँग्वेज वर्ग काढायची लगबग सुरू झाली. शिक्षक कुठे आहेत? १९९८ साली सहा वर्षांचं असलेलं मूल २०१६ साली चोवीस वर्षांचं. नेमकं नवा शिक्षक म्हणून परवाना काढायच्या वयाचं. ज्या पिढीकडून शाळेने स्पॅनिश काढून घेतलं त्याच पिढीकडे राज्य आता स्पॅनिशचं प्रमाणपत्र मागतं आहे. तूट भरून काढायला स्पेनहून पाहुणे शिक्षक येतात. तिथल्या शिक्षण मंत्रालयाचा तसा कार्यक्रम १९८० च्या दशकापासून आहे. ते भाषेत पक्के असतात. वर्गातली मुलं ट्रोका म्हणाली की पाहुण्यांना ते चुकीचं वाटतं, ही नवी पंचाईत.

बाई दुसऱ्या खेपेला पास झाल्या. कसा अभ्यास केला, असं आम्ही विचारलं. मेक्सिकोत सरकार प्राथमिक शाळेच्या मुलांना पाठ्यपुस्तकं मोफत देतं, १९५९ पासून. बाईंच्या एका मावसबहिणीने मोन्तेरेईहून आपल्या मुलांची जुनी पुस्तकं पाठवली, तिसरीपासून सहावीपर्यंतची, विज्ञान आणि गणिताची. बाईंनी उन्हाळाभर ती मोठ्याने वाचली. शेजारी आई बसायची. आईला स्पॅनिश येत होतं, पण ते पुस्तकात छापलेलं तिने कधी वाचलं नव्हतं. चौथीच्या पुस्तकापर्यंत आल्यावर तीही वाचायला लागली.

वेळ झाली आहे. आता प्रश्न घेऊ.