गळाच्या रिळांचा संग्रह

गळाच्या रिळांचा संग्रह : गळकाठीच्या बुडाशी बसवून दोर गुंडाळण्यासाठी व सोडण्यासाठी वापरण्यात येणारी जुनी रिळे, त्यांची मूळ खोकी व सोबतच्या वस्तू यांसह जमविण्याचा छंद. ग्रेट ब्रिटन व अमेरिकेची संयुक्त संस्थाने या देशांत तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेष वाढीस लागला. व्हर्‌माँट राज्यातील मँचेस्टर येथे कृत्रिम माशीच्या साहाय्याने करावयाच्या मासेमारीचे संग्रहालय १९६८ मध्ये स्थापन झाले, तर केवळ जुन्या रिळांच्या संग्राहकांची संघटना अमेरिकेत १९९० मध्ये निघाली.

रीळ हे साधन मात्र फार जुने आहे. सुंग काळातील चिनी चित्रकार मा युआन याच्या सु. ११९५ मधील चित्रात, नावेत एकट्याच बसलेल्या माणसाच्या काठीला ते स्पष्ट दिसते. इंग्लंडमध्ये टॉमस बार्कर याने १६५१ मध्ये आपल्या पुस्तकात त्याचा उल्लेख केला. हाताच्या एका फेऱ्यात फिरकीला अनेक फेरे देणारी गुणक रिळे लंडनमध्ये अठराव्या शतकात विकली जात. परंतु त्यांना खरी अचूकता आणली ती अमेरिकेतील केंटकी राज्यातील घड्याळजींनी. पॅरिस या गावचा जॉर्ज स्नायडर आणि त्याच्यामागून फ्रँकफर्ट येथील मीक बंधू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाताने घडविलेली रिळे आज संग्राहकांना सर्वाधिक मोलाची वाटतात. घड्याळ व रीळ यांचे हे नाते पुढेही टिकले. स्वीडनमधील आबू ही कंपनी १९२१ मध्ये घड्याळे व टॅक्सीचे मीटर बनविण्यासाठी निघाली होती, तर फ्रान्समधील मिचेल रिळे क्लूझ या घड्याळांच्या गावी तयार होत. बारीक दातेरी चाके कापणारा कारागीर जेथे असेल तेथे हा धंदा रुजावा, हे स्वाभाविकच होते. याउलट, ब्रॅडफर्डच्या ॲल्फ्रेड इलिंगवर्थ याने १९०५ मध्ये एकस्व घेतलेल्या स्थिर फिरकीच्या रिळामागे सूतगिरणीतील अनुभव होता : कांडी न फिरता तिच्या टोकावरून सूत सुटते, तसाच या रिळावरून दोर सुटतो.

खोक्यांचे महत्त्व त्यांच्या दुर्मिळतेत आहे. पितळी वा जर्मन सिल्व्हरचे रीळ पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पुठ्ठ्याचे खोके घरी येताच बहुधा फेकले जाई. चार्ल्स ऑर्व्हिस याने १८७४ मध्ये एकस्व घेतलेले, बाजूंना भोके असलेले रीळ अक्रोडाच्या लाकडी पेटीतून मिळे. ती पेटी शाबूत असल्यास किंमत बरीच वाढते. आबूच्या ‘अँबॅसडर ५०००’ या तांबड्या रिळाबरोबर प्रारंभी चामडी डबी, तेल व पाना येत असे. अशा किरकोळ वस्तू, विशेषतः सुट्या भागांचे माहितीपत्रक, प्रत्यक्ष रिळाहूनही विरळा सापडतात.

खोके हा काळ ठरविण्याचाही पुरावा असतो. रिळावर कोरलेली एकस्वाची तारीख केवळ पूर्वमर्यादा सांगते. त्यानंतर तेच रीळ कित्येक वर्षे बनत राहिलेले असू शकते. उलट, अमेरिकन खोक्यावरील पत्त्यात शहराच्या नावापुढे दोन अंकी टपालविभाग असल्यास ते सामान्यतः १९४३ ते १९६३ या काळातील, आणि पाच अंकी झिप क्रमांक असल्यास १९६३ नंतरचे ठरते. या कारणाने एका रिळाला दुसऱ्याचे खोके जोडून विकण्याचा प्रकार संग्राहकांना विशेष घातक वाटतो. त्यात खरेदीदाराचे पैसे जातातच. शिवाय दोन वस्तूंचा इतिहास एकदमच खोटा होतो, आणि ती जोडी पुढे एखाद्या सूचीत चित्रासह छापली गेली, तर चूक दुरुस्त होणे कठीण असते.

हिंदुस्थानात ब्रिटिश अधिकाऱ्यांबरोबर अशी रिळे महसीर माशाच्या शिकारीसाठी आली. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्‍री सलिव्हन टॉमस याचे या विषयावरील पुस्तक १८७३ मध्ये मंगळूर येथे प्रसिद्ध झाले. इंग्लंडमधील ॲल्निक येथील हार्डी बंधूंचे ‘परफेक्ट’ रीळ १८९० च्या सुमारास निघाले. त्यात आसासाठी गोलक धारवे वापरलेले होते. त्याच्या आरंभीच्या पितळी नमुन्यांवर काठी धरलेल्या हाताची मुद्रा असते. अशा रिळाला घासूनपुसून चकाकी आणण्याचा मोह नवख्या संग्राहकास होतो. मुद्रा पुसट होते, मूळचा काळसर लेप जातो आणि जाणकार ते रीळ बाजूला ठेवतो.

जतनाच्या बाबतीत एक विचित्र अडचण उद्भवते. चामड्यातील आम्लांमुळे पितळेवर हिरवा थर चढतो, म्हणजे रिळाबरोबर आलेली मूळ डबीच त्याला खाते. एबोनाइट हे कठीण रबर उजेडात तपकिरी पडते व त्यातून सुटणाऱ्या गंधकयुक्त वायूंनी जवळची चांदी काळवंडते. म्हणून सावध संग्राहक डबी व रीळ एकाच फडताळात, परंतु वेगवेगळी, आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवतात आणि दोहोंवर एकच क्रमांक घालतात.