तितराची पारध

तितराची पारध : विणीच्या काळात नर तितर आपली हद्द राखण्यासाठी जी साद घालतो, त्या सादेचाच आधार घेऊन गायरान, माळरान, कुरण किंवा जंगलकाठची पडीक जमीन अशा कोणा एकाच्या मालकीच्या नसलेल्या भूमीवर त्याला पकडण्याची जुनी रीत. महाराष्ट्रातील कोरडवाहू पट्टा, विदर्भ आणि भोपाळसह मध्य प्रदेशाचा पठारी भाग ही या पारधीची मुख्य भूमी असून तिचे सर्वांत कुशल जाणकार फासेपारधी होत. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ही पारध संपूर्णपणे बेकायदेशीर ठरली आहे. असे असले तरी, पक्ष्याच्या वर्तनाचे सूक्ष्म ज्ञान, सामायिक जमिनीवरचा हक्क आणि विणीच्या हंगामाची मर्यादा या तीन गोष्टी या पारधीत एकत्र आलेल्या असल्यामुळे तिचा अभ्यास निसर्गाच्या व समाजाच्या इतिहासात महत्त्वाचा ठरतो.

तितर हा कोंबडी, मोर, लावा व टर्की यांच्या कुळातील, जमिनीवर वावरणारा पक्षी आहे. मध्य भारतात त्याच्या दोन जाती प्रामुख्याने आढळतात. राखी तितर काटेरी झुडपांच्या विरळ, कोरड्या माळावर व शेतांच्या बांधांवर राहतो. त्याचा गळा पिवळसर असून त्याभोवती बारीक काळी रेघ असते आणि नराच्या पायांवर टोकदार काटा असतो. चित्रांग तितर उंच गवत व झुडपे असलेल्या, किंचित अधिक ओलाव्याच्या जागा पसंत करतो. त्याच्या काळसर अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असते व पायांवर काटा नसतो. उत्तरेकडे काळा तितर सुरू होतो आणि मध्य भारताच्या काही पट्ट्यांत त्याचा व चित्रांग तितराचा प्रदेश एकमेकांना भिडतो. राखी तितराची वीण मुख्यतः चैत्र-वैशाखाच्या सुमारास सुरू होऊन पावसाळ्यात चालू राहते, तर चित्रांग तितर बहुधा पाऊस पडून गवत वाढल्यावर घरटे करतो. म्हणून उन्हाळ्याच्या पहाटे माळावर ऐकू येणारी खणखणीत, तीन तुकड्यांत मोडलेली साद प्रायः राखी तितराची असते. ही साद नर घालतो आणि मादी तिला अधिक साध्या स्वरात उत्तर देते. शेजारच्या हद्दीतील नर ती ऐकून लगेच प्रतिसाद देतो, त्यामुळे पहाटे एका कोपऱ्यातून उठलेला आवाज पाहतापाहता साऱ्या माळावर पसरतो.

पारधीचे तंत्र या प्रतिसादावरच उभे होते. पारधी लहानपणापासून हाती वाढवलेला नर तितर कापडाने झाकलेल्या पिंजऱ्यात घेऊन, उजाडण्यापूर्वी रानातल्या एखाद्या नराच्या हद्दीत शिरत असे. ही हद्द त्याने आधीच्या संध्याकाळी आवाजावरून, धुळीत अंग घोळवल्याच्या खुणांवरून आणि पावलांवरून हेरलेली असे. पिंजरा जमिनीवर ठेवून त्याच्याभोवती फासक्यांची माळ मांडली जाई. फासकी म्हणजे घोड्याच्या शेपटीच्या केसांची किंवा जनावराच्या तातेची सरकती गाठ. अशा अनेक गाठी बांबूच्या बारीक कामट्यांना बांधून त्या कामट्या ओळीने जमिनीत रोवत, आणि उभ्या गाठींचे तोंड पक्ष्याच्या मानेच्या वा पायांच्या उंचीला येईल असे ठेवत. पिंजऱ्यावरचे कापड काढताच आतला नर साद घालू लागे. आपल्या जागेत परका नर शिरला असे समजून रानातला नर मान ताठ करून धावत येई आणि पिंजऱ्यावर झेपावताना फासकीत अडकत असे. पारधी या वेळी एखाद्या झुडपाच्या आडोशाला निश्चल बसलेला असे. कित्येकदा तो पिंजऱ्याविनाच, केवळ तोंडाने तितराची हुबेहूब साद काढून पक्ष्याला जवळ आणत असे. पक्षी जिवंत हाती येतो, हा फासकीचा विशेष होय. त्यामुळे मादी किंवा पिल्लू अडकल्यास ते सोडून देता येत असे आणि नर विकण्यासाठी किंवा पुढच्या पारधीसाठी पाळून ठेवता येत असे. पाळलेल्या तितराला वाळवी व बारीक धान्य खाऊ घालत. त्याच तितरांच्या झुंजी लावण्याचा नादही अनेक गावांत होता. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने प्राण्यांना झुंजवणे हा गुन्हा ठरवला.

उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी आटले की पारधी उरलेल्या डबक्यांच्या काठी फासक्या मांडत. शिकवलेल्या बैलाच्या किंवा गाईच्या आडून चरत्या जनावराच्या चालीने भक्ष्याजवळ सरकण्याची त्यांची रीत विशेष प्रसिद्ध आहे. गुरांना पाहण्याची पक्ष्यांना सवय असल्याने ते बिचकत नाहीत, हे निरीक्षण त्यामागे आहे.

फासेपारधी ही भटकी जमात असून तिची बोली गुजरातीशी जवळची आहे. गावपारधी, राजपारधी, चित्तापारधी, लंगोटीपारधी अशी तिच्या शाखांची नावे सांगितली जातात व त्यांपैकी बरीच नावे शिकारीच्या साधनावरून किंवा वेषावरून पडलेली आहेत. माधव गाडगीळ आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील भटक्या शिकारी जमातींचा जो अभ्यास केला त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. एकाच प्रदेशात फिरणारे फासेपारधी, नंदीवाले आणि वैदू हे परस्परांच्या भक्ष्यात फारसा हात घालत नव्हते. फासेपारधी फासक्यांनी काळवीट, मोर, तितर, लावा धरीत. नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्यामागे जात. तर वैदूंचा भर मुंगसासारखे छोटे मांसभक्षक प्राणी व पाण्यातील जीव यांवर असे. फासेपारधी फाशात अडकलेली गाभण हरिणी व पाडसे परंपरेने सोडून देत, अशीही नोंद या अभ्यासात आहे. या नियमांना कोणत्याही दप्तरात जागा मिळाली नव्हती. पण पुढच्या वर्षीचे पोट त्याच माळावर अवलंबून असलेल्या माणसांनी ते पाळले होते, आणि म्हणून त्यांना संरक्षणाचा नियम म्हणूनच मानले पाहिजे.

साद काढून नराला जवळ आणण्याच्या याच तत्त्वावरची जगातील सर्वांत परिचित शिकार उत्तर अमेरिकेत होते, ती रानटी टर्कीची. वसंतात नर टर्की पहाटे मोठ्याने आवाज काढून माद्यांना बोलावतो, शिकारी झाडाला पाठ टेकून, पानांच्या रंगाच्या कपड्यांत लपून, लाकडी पेटी घासून किंवा तोंडातील पातळ पडद्याने मादीचा आवाज काढतो आणि जवळ आलेल्या नरावर छर्ऱ्याची बंदूक चालवतो. हे सरकारी जंगलांसारख्या सार्वजनिक जमिनीवर चालू शकते, कारण तेथे राज्याचा परवाना घेणाऱ्या कोणाही नागरिकाला ठरलेल्या दिवसांत शिकारीची मुभा असते. वसंतात फक्त नर, किंवा छातीवर केसांची झुबकेदार ‘दाढी’ असलेला पक्षी, मारता येतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जंगलतोड व बेबंद शिकारीमुळे अनेक राज्यांतून ही टर्की नाहीशी झाली होती. बंदुका व काडतुसांवरील अबकारी कराचा पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना देणारा १९३७ चा कायदा आणि पुढे जाळ्यांनी पक्षी पकडून रिकाम्या जंगलांत सोडण्याचे प्रयत्न यांमुळे ती पुन्हा पसरली.

विणीच्या हंगामात शिकार करूनही टर्की टिकते, याचे कारण तिच्या कुटुंबरचनेत आहे. नर टर्की अनेक माद्यांशी जुगतो आणि त्यानंतर घरटे, अंडी, पिल्ले यांत त्याचा काहीही वाटा नसतो. म्हणून बहुतेक माद्या अंड्यांवर बसू लागल्यानंतर काही नर गेले तरी पुढची पिढी घटत नाही. राखी तितराचे तसे नाही. तो जोडीने राहतो, नर जोडीदाराच्या व पिल्लांच्या आसपास राहून राखण करतो आणि पिल्ले मोठी झाल्यावरही घोळका एकत्र फिरतो. अशा पक्ष्याचा साद घालणारा नर ऐन विणीत उचलला, तर एक जोडी मोडते. सादेवरची पारध मोजक्या कुटुंबांनी पोटापुरती केली तोवर माळाने ती सोसली. पण शहरातील बाजारासाठी ती होऊ लागली तेव्हा हेच तंत्र विनाशक ठरले. पारध्यांच्या जुन्या संयमाचा आदर करताना हा फरकही स्पष्टपणे नोंदवला पाहिजे.

जमिनीचा प्रश्न याहून बिकट आहे. ब्रिटिश काळात वनकायद्यांनी राखीव जंगले सरकारच्या ताब्यात आली. १९२७ च्या भारतीय वनकायद्यात, राखीव वनात नियमांविरुद्ध शिकार करणे, मासे धरणे, सापळे किंवा फासे लावणे या कृती एकाच दमात गुन्हा म्हणून सांगितल्या आहेत. दुसरीकडे, मध्य प्रांतासारख्या भागांत जंगलाचे शिकारीसाठी गट पाडून ते परवानाधारक बंदूकवाल्यांना ठराविक मुदतीसाठी दिले जात. पक्ष्यांच्या विणीचे महिने बंद ठेवण्याची तरतूद १८८७ च्या पक्षी संरक्षण कायद्यात मर्यादित स्वरूपात आली, आणि १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने स्थानिक सरकारांना तितर, लावा, रानकोंबडा, मोर इत्यादींसाठी बंद हंगाम जाहीर करण्याचा अधिकार दिला. बंद हंगामाची कल्पना योग्यच होती. परंतु जमीन सार्वजनिक आणि परवाना मात्र बंदूक व शुल्क परवडणाऱ्याचा, अशी जी व्यवस्था तिच्यासोबत उभी राहिली, तिच्यात बंदूकवाल्याची शिकार हा खेळ ठरला आणि फासकीवाल्याची पारध ही चोरी ठरली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील विस्तारांनी पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि अशा जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या, तरी शिक्का पुसला गेला नाही.

संस्थानी प्रदेशात शिकार हा राज्यकर्त्याचा विशेषाधिकार होता. भोपाळचे शेवटचे नवाब हमीदुल्ला खान शिकारीचे शौकीन म्हणून ओळखले जात आणि रायसेनकडील चिकलोद हे त्यांचे शिकारीचे ठिकाण होते. १९४९ मध्ये संस्थान भारत सरकारच्या कारभाराखाली आले व १९५६ मध्ये भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले. त्यानंतर जुन्या शहराच्या दक्षिणेला टेकड्यांच्या झुडपी भूमीवर सरकारी नोकरांसाठी शिवाजी नगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. कलियासोत व केरवा धरणांकडील रानात आजही राखी व चित्रांग हे दोन्ही तितर आढळतात; मोठ्या तलावाकाठचे वनविहार १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि शहराबाहेरील रातापानी अभयारण्याला डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. याच शहराच्या वस्त्यांत राहणाऱ्या पारधी कुटुंबांपैकी अनेकांची उपजीविका कचरावेचणीवर आली आहे. मध्य प्रदेशात या जमातीचे वर्गीकरण जिल्ह्यागणिक बदलते, त्यामुळे दाखला मिळवण्यातच त्यांची बरीच शक्ती खर्च होते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशभर एकच चौकट आणली. मूळ कायद्यात तितर चौथ्या अनुसूचीत होता व लहान शिकारीचा परवाना घेऊन तो मारता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ही पद्धतच बंद केली. कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच पकडणे, फासे लावणे, आमिष दाखवणे आणि अंडी किंवा घरटी यांना इजा करणे यांचाही समावेश होतो. त्यामुळे पिंजऱ्यातला तितर घेऊन माळावर जाणे हेदेखील त्या व्याख्येत येऊ शकते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना केली व दंडाच्या रकमा वाढवल्या. वनांवरील परंपरागत हक्क मान्य करणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्यानेही शिकारीचा व फासे लावण्याचा परंपरागत हक्क शब्दशः वगळला आहे. चराई, गवत, गौण वनोपज यांवरचे सामूहिक हक्क मात्र तो देतो.

या अखेरच्या तरतुदीला माळरानांच्या दृष्टीने मोठे मोल आहे, कारण तितराचा खरा शत्रू आज फासकीपेक्षा नांगर, अतिक्रमण आणि सरसकट वृक्षलागवड हा आहे. महसुली नोंदींत पडीक म्हणून लिहिलेले गवताळ प्रदेश, महाराष्ट्रातील गायराने व मध्य प्रदेशातील चरनोई जमिनी, विकासासाठी सर्वांत आधी उचलल्या जातात. तितर, लावा, तणमोर व माळढोक यांचे घर त्याच जमिनीवर आहे. अकोला व वाशीम जिल्ह्यांत ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारध्यांच्या वस्त्यांबरोबर गवताळ माळांच्या राखणीचे काम केले आहे. त्यात पारध सोडलेल्या कुटुंबांनी चराईला शिस्त लावून गवत वाढू दिले आणि तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याच्या नोंदी ठेवण्यात भाग घेतला. मध्य प्रदेशात पन्ना व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात पारधी मुलांसाठी वसतिगृहे चालवण्यात आली, तसेच पारधी तरुण पर्यटकांना जंगलाच्या कडेने पायी फिरवून पावलांचे ठसे, आवाज आणि खुणा समजावून देतात असा उपक्रम सुरू झाला. या फेरफटक्यांत तोंडाने पक्ष्यांची साद काढून दाखवली जाते. त्यासाठी लागणारे कौशल्य तितराला फासकीपर्यंत आणणाऱ्या कौशल्याहून वेगळे नाही, आणि त्याचे मानधन आता संबंधित कुटुंबाला मिळते.