चषकाचे आश्रयदाते

युरोपातील विजेत्या क्लबांच्या महिला व्हॉलीबॉल चषकाची नामावळी वाचताना एखाद्या जुन्या संस्थानाचे दप्तर उलगडत असल्याचा भास मला होतो. कारण खेळाडूंच्या पराक्रमाबरोबरच त्या पराक्रमाला आश्रय कोणी दिला, याचीही नोंद तीत उमटलेली आहे.

1960-61 च्या हंगामात हा चषक सुरू झाला, तेव्हा युरोपीय व्हॉलीबॉल महासंघाची स्थापनाही व्हायची होती. ती 1963 साली झाली. पहिला मान मॉस्कोच्या डायनॅमोने मिळविला आणि 1977 पर्यंत एकंदर 11 वेळा चषक जिंकला. डायनॅमो ही पोलीस व सुरक्षा खात्याची क्रीडासंस्था, तर त्याच शहरातील सीएसकेए ही लष्कराची. म्हणजे या खेळाचा पहिला पोशिंदा सरकारी अंमलच होता.

पुढे मात्र चषक राजधानी सोडून उरल पर्वताच्या मुलखात, स्वेर्दलोव्हस्क या कारखान्यांच्या शहरात गेला. तेथील संघाचे नाव ‘उरालोच्का’, म्हणजे उरलची मुलगी. 1969 पासून निकोलाय कार्पोल यांनी त्याची धुरा वाहिली आणि 1981 ते 1995 या काळात त्यांच्या मुलींनी हा चषक 8 वेळा जिंकला. सोव्हिएत महिला संघाला 1980 व 1988 ची ऑलिंपिक सुवर्णपदके मिळाली, तीही कार्पोल यांच्याच मार्गदर्शनाखाली. या सबंध इतिहासात माझा जीव रमतो तो येथेच. राजधानीपासून दूरच्या एका शहराने आपल्या मुलींच्या नावाने संघ उभारावा आणि सोव्हिएत राज्य कोसळल्यावरही त्याने युरोप जिंकावा, हे वैभव मला डायनॅमोच्या 11 विजयांहून थोर वाटते.

या चषकाच्या बाद फेरीचा न्याय मोठा कठोर असतो. एक सामना आपल्या गावी, दुसरा प्रतिपक्षाच्या. आणि दोन्ही मिळून पारडी समसमान राहिली, तर दुसऱ्या सामन्यानंतर लगेच सुवर्ण सेट, अवघ्या 15 गुणांचा. दमलेल्या खेळाडू पुन्हा रांगेत उभ्या राहतात, एका बाजूचे 8 गुण झाले की मैदानाची बाजू बदलतात, आणि 2.24 मीटर उंचीच्या त्या जाळ्यावर, कधी एका चुकलेल्या सर्व्हिसने, हंगामभराच्या परिश्रमांचा निकाल लागतो.

1988 साली इटलीतील राव्हेन्नाच्या मुलींनी चषक जिंकून पूर्व युरोपातील समाजवादी राष्ट्रांची अखंड मक्तेदारी मोडली, आणि 2011 साली इस्तंबूलच्या वाकिफबँकेने तो प्रथमच तुर्कस्तानात नेला. या नावातील ‘वाकिफ’ म्हणजे आपल्या महसुली दप्तरांतील वक्फच; धर्मादाय मिळकतींच्या द्रव्यावर 1954 साली उभ्या राहिलेल्या त्या पेढीच्या संघाने 2023 पर्यंत 6 विजेतीपदे मिळविली. त्याच शहरातील एका औषधनिर्मात्या उद्योगघराण्याच्या एजाजिबाशी संघानेही 2015 साली हा मान पटकावला. खात्यांच्या जागी पेढ्या आणि कारखानदार आले. चषकाला पोशिंदा मात्र सदैव लागलाच.

उरालोच्काला 1995 नंतर हा चषक लाभला नाही, आणि 2022 साली युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियन क्लबांना या स्पर्धेतून वगळण्यात आले.