बचत आणि पत : मुक्तीनंतरच्या एका पेढीची कहाणी

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ज्या सज्जनांनी कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली, त्यांना तो अर्पण केलेला आहे, हे सर्वश्रुत आहे. मराठीच्या वर्गात आम्ही ही अर्पणपत्रिका दरवर्षी शिकवतो. पण मुक्त झालेल्या त्या चाळीस लाख माणसांचे पुढे काय झाले, त्यांच्या हाती जमीन आली का, चार पैसे आले का, आले तर ते कुठे गेले, हे प्रश्न अभ्यासक्रमाच्या कक्षेत येत नाहीत. या लेखात आम्ही त्यांपैकी शेवटच्या प्रश्नाचा, म्हणजे पैशाचा, मागोवा घेणार आहोत.

३ मार्च १८६५ रोजी, यादवी युद्ध संपत आले असताना, अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली आणि ‘फ्रीडमन्स सेव्हिंग्ज अँड ट्रस्ट कंपनी’ अस्तित्वात आली. लोक तिला फ्रीडमन्स बँक म्हणत. सैन्यात दाखल झालेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचा पगार सुरक्षित राहावा, हा तिच्यामागचा तातडीचा हेतू होता. जॉन आल्व्हर्ड नावाच्या पाद्र्याने दक्षिणेत फिरून तिचा प्रचार केला. पाच सेंटसुद्धा ठेव म्हणून स्वीकारले जात. शेतमजूर, धोबिणी, सुतार, स्वयंपाकिणी, चर्चच्या मंडळ्या, आजारपणासाठी वर्गणी काढणारे संघ अशा सर्वांनी तिथे खाती उघडली. काही वर्षांतच शाखांची संख्या तिसाच्या वर गेली. बँकेच्या आयुष्यात एकूण पाच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम तिच्या खात्यांत जमा झाली. गुलामीतून सुटलेला माणूस उधळ्या आणि आळशी असणार, असे भाकीत करणाऱ्यांना हे उत्तरच होते.

या बँकेची खातेवही हा एक विलक्षण दस्तऐवज आहे. बहुसंख्य खातेदारांना सही करता येत नव्हती. त्यामुळे ओळख पटावी म्हणून वय, जन्मस्थान, व्यवसाय, नवरा किंवा बायको, मुले, आईवडील, भावंडे यांची माहिती लिहून घेतली जाई; कधी पूर्वीच्या मालकाचे नावही. विकल्या गेलेल्या आईचे, ताटातूट झालेल्या भावाचे नाव ज्या कागदावर पहिल्यांदा नोंदले गेले, तो कागद अनेक घराण्यांच्या बाबतीत बँकेचा आहे. आजही आफ्रिकी-अमेरिकन कुटुंबे आपली वंशावळ शोधायला याच वह्यांकडे वळतात.

मात्र या बँकेच्या घटनेत एक गोष्ट मुळातच होती, आणि आमच्या मते सगळी शोकांतिका तिच्यात दडलेली आहे. ही बँक ठेवी घेत असे, पण ठेवीदारांना कर्ज देत नसे. जमा झालेल्या रकमेचा मोठा भाग सरकारी रोख्यांत गुंतवावा, असा नियम होता. सावधगिरी म्हणून तो योग्यच वाटतो. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की जॉर्जिया किंवा मिसिसिपीतल्या मजुराची बचत त्याचा गाव सोडून जाई आणि तिथे परत येत नसे. त्याच मजुराला बी-बियाणे, नांगर, वर्षाचे धान्य यांसाठी गावातल्या दुकानदाराकडे हात पसरावा लागे. दुकानदार उभे पीक तारण घेई, भाव आपल्या मर्जीने लावी, आणि हंगामाच्या शेवटी हिशेबात मजुराकडेच बाकी निघे. बँक होती, बचत होती; आणि सावकारही होता.

मराठी वाचकाला हे चित्र परके वाटायचे कारण नाही. त्याच अमेरिकी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला, मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच तो कोसळला. तेजीत सैल झालेला सावकाराचा हात मंदीत आवळला गेला. शेतसाराही वाढवलेला होता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले. त्यांत शेतकऱ्यांचा रोख कर्जरोख्यांवर, म्हणजे कागदांवर, होता. दोन खंडांतली ही माणसे एकमेकांना ओळखत नव्हती, पण एकाच बाजाराच्या भरती-ओहोटीत सापडली होती.

१८७० साली अमेरिकेच्या काँग्रेसने फ्रीडमन्स बँकेच्या घटनेत दुरुस्ती केली आणि स्थावर मालमत्तेच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा दिली. आता तरी ठेवीदाराला कर्ज मिळेल, असे वाटणे साहजिक होते. प्रत्यक्षात कर्जे गेली ती मुख्यतः वॉशिंग्टनमधल्या बांधकाम-व्यावसायिकांना आणि सट्टेबाजांना. वित्त समितीचा प्रमुख हेन्री कुक हा प्रसिद्ध सराफ जे कुक याचा भाऊ. त्याचे हितसंबंध असलेल्या एका दगडखाण कंपनीलाही ठिसूळ तारणावर कर्ज मिळाले. व्हाइट हाउसपासून काही पावलांवर बँकेची दिमाखदार इमारत उभी राहिली. १८ सप्टेंबर १८७३ रोजी जे कुकची पेढी बुडाली आणि देशभर आर्थिक हाहाकार उडाला. (पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली ती त्यानंतर सहाच दिवसांनी.) फ्रीडमन्स बँकेच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या.

मार्च १८७४ मध्ये फ्रेडरिक डग्लस यांना बँकेचे अध्यक्ष करण्यात आले. स्वतः गुलामीतून निसटून आलेला, अवघ्या समाजाचा विश्वास असलेला हा नेता. त्यांनी स्वतःचे दहा हजार डॉलर बँकेला दिले. पण आत पाहिल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की बँक आतून पोखरलेली आहे. ते काँग्रेसकडे गेले. जूनअखेर बँक बंद झाली. सुमारे ६१ हजार खातेदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले. १८७५ ते १८८३ या काळात हप्त्याहप्त्याने डॉलरामागे ६२ सेंट परत मिळाले, तेही दावा करू शकलेल्यांनाच. काँग्रेसचा कायदा आणि लिंकनचे नाव यांमुळे लोकांनी ही सरकारचीच बँक मानली होती. सरकारची हमी मात्र तिला कधीच नव्हती. पुढे १९०३ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी लिहिले, की या आघाताने काटकसरीवरची श्रद्धा जितकी खचली तितकी ती गुलामीच्या आणखी दहा वर्षांनीही खचली नसती.

मराठीत ‘पत’ हा शब्द आहे. बाजारात उधार मिळण्याची योग्यता म्हणजे पत, आणि समाजातली प्रतिष्ठा म्हणजेही पत. बचत माणूस एकटा, अर्धपोटी राहूनही करू शकतो. पत दुसऱ्याने मान्य करावी लागते. फ्रीडमन्स बँकेने मुक्त झालेल्या माणसाची बचत स्वीकारली, पत मात्र मान्य केली नाही. त्या बँकेचे मूळ विश्वस्त हे गोरे व्यापारी आणि परोपकारी गृहस्थ होते. त्यांच्या लेखी हा वर्ग काटकसरीचे धडे द्यावा असा होता; ज्याच्यावर विश्वासून पैसे द्यावेत असा नव्हता.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न पुढच्या पिढीने केला. त्यांतले आम्हाला सर्वांत लक्षणीय वाटणारे नाव म्हणजे व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरच्या मॅगी लीना वॉकर. त्यांचा जन्म १८६४ चा. आई पूर्वी गुलाम होती. सावत्र वडिलांच्या मागे तिने लोकांचे कपडे धुऊन संसार चालवला. वॉकर शिक्षिका झाल्या. सभासदांच्या आजारपणात मदत आणि मृत्यूनंतर अंत्यविधीची तरतूद करणाऱ्या ‘सेंट ल्यूक’ या संघाची सूत्रे १८९९ मध्ये त्यांच्याकडे आली, तेव्हा संघाच्या तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट होते. १९०१ मध्ये त्यांनी सभासदांपुढे योजना मांडली : आपले वर्तमानपत्र, आपले दुकान, आपली बँक. आपल्याच पैशाचे व्याज आपल्यातच फिरले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. बँक कशी चालते हे समजून घेण्यासाठी त्या रोज काही तास शहरातल्या एका बँकेत जाऊन बसत.

२ नोव्हेंबर १९०३ रोजी ‘सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक’ उघडली. पहिल्याच दिवशी नऊ हजारांवर डॉलर जमा झाले. एकाने ३१ सेंटवर खाते उघडले. बँक स्थापून तिचे अध्यक्षपद सांभाळणारी ती अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. धोबिणींचे, मोलकरणींचे, तंबाखूच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांचे पैसे इथे येत. मुलांना पैसे साठवायला छोटे डबे दिले जात. पण खरा फरक पुढे आहे. हे पैसे त्याच वस्तीतल्या माणसांना घरासाठी कर्जाऊ दिले जात. १९२० पर्यंत या बँकेच्या साहाय्याने सुमारे सहाशे कुटुंबे घरांची मालक झाली. धोबिणीला फेडता येईल की नाही हे कागदावरून ठरवणे कठीण. तिच्या संघाला मात्र ते ठाऊक असे, कारण ती दर आठवड्याला वर्गणी भरत आलेली असे. आपल्याकडची भिशी ज्या बळावर चालते तेच हे बळ. फक्त त्याला इथे बँकेच्या हिशेबाची आणि कायद्याची शिस्त लाभली. महामंदीच्या तोंडावर वॉकर यांनी शहरातल्या इतर कृष्णवर्णीय बँकांशी विलीनीकरण केले, आणि ही बँक तगली. २००५ मध्ये दुसऱ्या कंपनीने ती विकत घेईपर्यंत तिची परंपरा अखंड होती.

तर मग स्वावलंबनाने प्रश्न सुटला, असे म्हणायचे का? इथे आम्हाला थांबावेसे वाटते. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारने गृहकर्जांचा प्रचंड विस्तार केला. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे करवून घेतले. धोक्याच्या मानलेल्या वस्त्या त्यांत लाल रंगाने दाखवल्या होत्या. रिचमंडमधल्या कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगात आल्या. १९३४ पासून संघीय गृहनिर्माण प्रशासन कर्जांना सरकारी विमा देऊ लागले. तोही अशा वस्त्यांना नाकारण्यात आला. गोऱ्या कुटुंबाला थोड्या रकमेत, दीर्घ मुदतीचे, स्वस्त कर्ज मिळू लागले. कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घराची किंमत मात्र त्याच्या वस्तीच्या रंगाने ठरली. त्याच घरांच्या तारणावर उभी असलेली छोटी बँक काय करणार? पुढे १९५० च्या दशकात वॉकर यांच्या जॅक्सन वॉर्ड या वस्तीतूनच हमरस्ता नेण्यात आला आणि शेकडो घरे गेली. संघाने दिलेली पत राज्यसंस्थेने एका नकाशाने काढून घेतली.

कायदे बदलले ते चळवळींमुळे. १९६८ चा न्याय्य गृहनिर्माण कायदा, १९७४ चा समान पतसंधी कायदा, आणि १९७७ चा सामुदायिक पुनर्गुंतवणूक कायदा. जिथून ठेवी घेता तिथल्या गरजू वस्त्यांच्या कर्जाच्या गरजाही भागवा, असे या शेवटच्या कायद्याने बँकांना बजावले. म्हणजे फ्रीडमन्स बँकेच्या घटनेत जे वाक्य असायला हवे होते, ते यायला एकशे बारा वर्षे लागली. शिकागोत १९७३ मध्ये चार सहकाऱ्यांनी विकत घेतलेली साउथ शोअर बँक अशा कर्जव्यवहाराचा आदर्श ठरली. तिथे जुन्या चाळवजा इमारती दुरुस्त करणाऱ्या स्थानिक छोट्या मालकांना कर्जे दिली गेली आणि ती फेडलीही गेली. परंतु २००८ च्या अरिष्टानंतर, २०१० मध्ये, तीही बंद पडली. ज्या वस्त्यांना पूर्वी कर्ज नाकारले जाई, त्यांनाच अरिष्टापूर्वीच्या वर्षांत महागडी, फसवी कर्जे गळ्यात बांधली गेली होती. २०२२ च्या पाहणीत अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला आढळले, की मध्यम गोऱ्या कुटुंबाची संपत्ती २,८५,००० डॉलर आहे आणि मध्यम कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० डॉलर.

हा आकडा सांगितला की कोणीतरी हमखास म्हणते, की त्या लोकांना बचतीची सवय नसेल. इतिहास नेमके उलट सांगतो. गुलामी संपल्यावर अवघ्या नऊ वर्षांत पाच-पाच सेंट करून कोट्यवधी डॉलर साठवणारा समाज काटकसर शिकवून घेण्याच्या स्थितीत कधीच नव्हता. आपल्याकडेही गरिबांसाठी योजना आखताना ‘बचत’ हा शब्द आधी येतो. त्यांच्या गटांनाही आपण ‘बचतगट’ म्हणतो. त्यात गैर काही नाही. फक्त त्या गटाच्या ठेवी किती, एवढेच विचारून थांबू नये. त्या ठेवींतून कर्ज कोणाला मिळते आणि ते कोण ठरवते, हेही विचारले पाहिजे. मॅगी वॉकर यांच्या रिचमंडमधल्या धोबिणींना ते विचारावे लागत नव्हते, कारण ठरवणाऱ्यांत त्या स्वतः होत्या.