भाकरी थापतात आणि पोळी लाटतात, असं का? स्वयंपाकघरात विज्ञान शिकवायचं म्हणजे नक्की काय करायचं

माझी भाची सातवीत आहे, कोपरखैरण्याला राहते. परवा तिच्या विज्ञानाच्या वहीत 'किण्वन म्हणजे काय?' या प्रश्नाचं उत्तर वाचलं. अगदी बरोबर होतं, पैकीच्या पैकी मार्क. त्याच वेळी ओट्यावर इडलीचं पीठ फुगून पातेल्याबाहेर आलं होतं. मी विचारलं, "हे काय झालंय?" ती म्हणाली, "पीठ आलंय." मग किण्वन कुठे होतं? "ते धड्यात आहे ना, मावशी."

मुलांना स्वयंपाकातून विज्ञान शिकवावं असं सगळेच म्हणतात. त्याचे रील्स आहेत, सुट्टीतली शिबिरं आहेत, आणि बहुतेक ठिकाणी शेवटी खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून 'ज्वालामुखी' काढतात. फेस येतो, मुलं टाळ्या वाजवतात, संपलं. मजा येते, पण मुलाने त्यात काही ओळखलेलं नसतं, काही मोजलेलं नसतं आणि त्याचं काही चुकलेलंही नसतं.

मग खरं विज्ञान कधी सुरू होतं? मुलाने आधी अंदाज सांगितला, एका वेळी एकच गोष्ट बदलली, बाकी सगळं सारखं ठेवलं आणि जे दिसलं ते लिहून ठेवलं, की सुरू झालं. याला प्रयोगशाळा लागत नाही. भाकरी पुरते.

भाकरीचा प्रयोग

पोळी आपण लाटतो, भाकरी थापतो. गव्हाची कणीक साध्या पाण्यात मळतो, ज्वारीच्या पिठाला मात्र बऱ्याच घरांत गरम पाणी लागतं. हे प्रत्येक मराठी मुलाने पाहिलेलं असतं, पण का, हे फार कमी जणांनी विचारलेलं असतं.

तीन वाट्या घ्या. पहिलीत गव्हाचं पीठ आणि साधं पाणी. दुसरीत ज्वारीचं पीठ आणि साधं पाणी. तिसरीत ज्वारीचं पीठ आणि उकळतं पाणी (हे मोठ्यांनी ओतायचं). तिन्हीकडे पिठाचं माप सारखं. आधी मुलाला विचारा, कुठला गोळा ताणला जाईल आणि कुठला तुटेल? मग तिन्ही गोळे सारखाच वेळ मळा आणि दोन्ही हातांनी हळूहळू ओढून बघा.

गव्हाचा गोळा रबरासारखा ताणला जातो. गव्हात असलेली काही प्रथिनं पाणी आणि मळणं मिळालं की एकमेकांत गुंतून जाळं तयार करतात. त्यालाच ग्लुटेन म्हणतात. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे साध्या पाण्यातला गोळा लगेच तुटतो. उकळत्या पाण्यातला गोळा या दोघांच्या मधला निघतो. गरम पाण्याने ज्वारीतला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि जाळ्याचं काम थोडंफार तोच करतो. थोडंफारच, म्हणून लाटण्याचा ताण त्याला सहसा झेपत नाही. हाताने थापताना मात्र कडा सांभाळता येतात.

आता आजीला विचारा. ती सांगेल की पीठ फार दिवसांचं झालं की त्याची 'विरी' जाते आणि भाकरी थापताना चिरते. चिकटपणासाठीचा हा शब्द माझ्या तरी कुठल्या विज्ञानाच्या पुस्तकात नव्हता, पण हे निरीक्षण पिढ्यानपिढ्या तपासलेलं आहे. चौथ्या वाटीत जुनं पीठ घेऊन तेही करून बघता येईल.

अजून एक प्रश्न. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात का फिरवतात? एक भाकरी पाणी लावून आणि एक न लावता करून बघा. भाकरी फुगते ती वाफेने. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते. वरचा पापुद्रा कोरडा पडून चिरला तर ती वाफ भेगेतून निघून जाते.

चिमूट म्हणजे किती?

आपल्या घरातल्या पाककृतीत 'अंदाजे' आणि 'चिमूटभर' हीच मापं असतात. मुलाला इथेच पकडा. घरातला वजनकाटा एका चिमटीचं वजन धड दाखवत नाही. मग आईच्या २० चिमटी मीठ एका वाटीत घ्या, वजन करा, २० ने भागा. तेच मुलाच्या २० चिमटींचं करा. आईची चिमूट आणि मुलाची चिमूट यात किती फरक निघतो? आणि आईने परत २० चिमटी घेतल्या तर आकडा तोच येतो का? सरासरी म्हणजे काय आणि मोजमापात चूक कुठून येते, हे समजायला माझ्या मते याहून स्वस्त साधन नाही.

हळदीचं तर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पांढऱ्या शर्टावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो. साबण अल्कधर्मी असतो आणि हळदीतलं कर्क्युमिन अल्कात रंग बदलतं. त्यावर लिंबू पिळलं की डाग पुन्हा पिवळा. कोकमाच्या पाण्यात खायचा सोडा टाकल्यावर काय होतं, ते मी इथे सांगत नाही. मुलाला आधी अंदाज लिहायला लावा आणि मग टाका.

हे खूळ नवीन नाही

हार्वर्ड विद्यापीठाने २०१० मध्ये 'सायन्स अँड कुकिंग' नावाचा कोर्स सुरू केला, त्यात जगातले नामांकित शेफ शिकवायला आले आणि मग सगळीकडे या विषयाची चर्चा झाली. पण महाराष्ट्रात हे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि त्यातून गांधीजींची 'नई तालीम' उभी राहिली. हाताने केलेल्या कामातून शिकायचं, हा तिचा गाभा. सेवाग्रामच्या शाळेत चरखा होता, शेती होती आणि स्वयंपाकही होता. आज जेवायला किती माणसं आहेत, धान्य किती लागेल, आहार पुरेसा आहे का, खर्च किती आला, हे मुलांच्या अभ्यासाचाच भाग होतं. विशेष म्हणजे हे काम फक्त मुलींचं नव्हतं. ती शाळा पुढे बंद पडली, पण २००५ मध्ये सेवाग्राममध्येच 'आनंद निकेतन' नावाने नई तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली.

दुसरं ठिकाण पुणे जिल्ह्यातलं पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग हे मूळचे अन्नतंत्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळला 'विज्ञान आश्रम' सुरू केला. तिथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा अभ्यासक्रम तयार झाला आणि इतर शाळांमध्येही गेला. त्याचे चार विभाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. पदार्थ तयार करणं आणि टिकवणं या चौथ्या विभागात येतं. कलबागांचा एक आग्रह मला फार पटतो. मुलांनी केलेली वस्तू किंवा सेवा गावाला पैसे घेऊन द्यायची. गिऱ्हाईक समोर असलं की वजनात आणि हिशोबात 'चालतंय की' चालत नाही.

नवी मुंबईकरांसाठी जवळची जागा म्हणजे वाशीची खाडी ओलांडली की लागणारं मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. टीआयएफआरचं हे केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं. डॉ. जयश्री रामदास यांच्या पुढाकाराने तिथे प्राथमिकच्या मुलांसाठी 'स्मॉल सायन्स' ही पुस्तकं तयार झाली. पाठ करण्यापेक्षा आजूबाजूचं बघून लिहायला लावणारी ही पुस्तकं आहेत.

कमला सोहोनी आणि भेसळ

स्वयंपाकघरातलं विज्ञान म्हटलं की कमला सोहोनी यांचं नाव घ्यावंच लागतं. दुर्गा भागवतांची ही बहीण. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना आधी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या अडून बसल्या आणि १९३३ मध्ये अटींवर का होईना, आत गेल्या. १९३९ मध्ये केंब्रिजमधून पीएचडी घेतली. पुढे मुंबईत त्यांनी कडधान्यं, नीरा अशा साध्या अन्नावर संशोधन केलं आणि नंतर ग्राहक चळवळीत राहून भेसळीविरुद्ध काम केलं.

भेसळ तपासणं हा मोठ्या मुलांसाठी उत्तम विषय आहे, कारण यात खरंच काहीतरी पणाला लागलेलं असतं. एफएसएसएआयने घरच्या घरी करायच्या चाचण्यांची 'डार्ट' नावाची पुस्तिका काढली आहे. मिरे पाण्यात टाकले की तळाशी बसतात आणि पपईच्या बिया तरंगतात, अशा सोप्या चाचण्या तीत आहेत. पण मुलाला हेही सांगा की घरची चाचणी म्हणजे फक्त संशय. एक दाणा तरंगला म्हणून दुकानदाराचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. पोकळ मिरेही तरंगू शकतात. खात्री प्रयोगशाळाच करते.

सुरुवात करताना

कुकर, गरम तेल आणि सुरी मोठ्यांच्या हातात. साबण, आयोडीन लागलेलं अन्न थेट कचऱ्यात, 'थोडंसं चाखून बघू' नाही. एका दिवशी एकच प्रश्न. प्रयोग फसला तर लगेच कारण सांगू नका, हे पालकांना सगळ्यात जड जातं. आणि मुलगा असेल तर त्याला 'तू बाहेर खेळ' म्हणून हाकलू नका, भाकरी त्यालाही खायची असते.

भाचीने सध्या इडलीच्या पिठाचं मनावर घेतलंय. तीन सारखे पेले, प्रत्येकात सारखंच पीठ, पातळीवर रबरबँड. एक फ्रीजमध्ये, दोन ओट्यावर. फ्रीजमधलं जागचं हललं नाही, बाहेरची दोन्ही सकाळपर्यंत फुगली. पीठ फुगवणारे जिवाणू मुख्यतः उडदाच्या डाळीबरोबरच येतात, ते कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि उडदाचा चिकटपणा ते बुडबुडे धरून ठेवतो, एवढं तिला आता धड्याशिवाय सांगता येतं. फ्रीजच्या थंडीत हेच जिवाणू मंदावतात.

ओट्यावरच्या दोनांपैकी एकात मीठ आधीच घातलं होतं, कारण मीठ पीठ आंबायच्या आधी घालायचं की नंतर, यावर तिच्या आईचं आणि आजीचं जुनं भांडण आहे. दोन्ही पेल्यांत जेमतेम बोटभर फरक निघाला. आजी म्हणाली, बघ, मी सांगत होते. भाची म्हणाली, एकदाच करून काही कळत नाही, अजून चार रविवार लावावं लागेल.

ताईचा प्रश्न वेगळाच होता. एवढ्या इडल्या खाणार कोण?