सुरांची फाईल किती वर्षं उघडेल?

२६ ऑगस्ट २०२४ रोजी 'मेकम्युझिक' या अमेरिकन कंपनीने 'फिनाले'चा विकास थांबवत असल्याचं जाहीर केलं. स्वरलेखनाचं हे सॉफ्टवेअर १९८८ साली आलं होतं. साडेतीन दशकं संगीतकारांनी त्यात आपल्या रचना लिहिल्या. त्या सगळ्या फाईलींचं आता काय होणार, हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना.

कारण मीही तेव्हा सॉफ्टवेअर शोधत होतो. आजीच्या भजनी मंडळाच्या चाली एका वहीत आहेत. त्या आता कुणी गात नाही. मला त्या चार व्हायोलिनसाठी लिहून काढायच्या होत्या.

या सॉफ्टवेअरचा इतिहास वाचला तर जरा सावध व्हायला होतं. इंग्लंडमधल्या बेन आणि जोनाथन फिन या जुळ्या भावांचं 'सिबेलियस' १९९३ मध्ये आलं, ते फक्त 'एकॉर्न' संगणकांसाठी. विंडोजवर यायला १९९८ उजाडलं. २००६ मध्ये ते 'ॲव्हिड'ने विकत घेतलं आणि २०१२ मध्ये लंडनचं कार्यालय बंद केलं. तिथल्या माणसांना 'स्टाइनबर्ग'ने कामावर घेतलं आणि २०१६ मध्ये त्यांचं 'डोरिको' बाहेर पडलं. माणसं नव्या घरी गेली, फाईली जुन्या घरीच राहिल्या.

यावर तोडगा काढला मायकल गुड यांनी. त्यांच्या 'म्युझिक एक्सएमएल'ची पहिली आवृत्ती २००४ साली आली. एका सॉफ्टवेअरमधले स्वर दुसऱ्यात नेता यावेत, यासाठी हा सामायिक मसुदा. पानाची मांडणी थोडी विस्कटते, पण सूर वाचतात.

आजीची वही मात्र कुठल्याही आवृत्तीशिवाय उघडते. ती भातखंडे लिपीत आहे. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी खुणा अगदी मोजक्या ठेवल्या: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब, तार सप्तकासाठी वर. विष्णु दिगंबर पलुसकरांची लिपी वेगळी होती, पण भातखंड्यांची जास्त रुळली. त्यात 'सा' कुठलाही धरा, काळी दोन किंवा काळी पाच, पान तेच राहतं. पाश्चात्त्य पाच रेषांवर मात्र आधी पट्टी ठरवावी लागते. आणि मींड? ती दोन्हीकडे अर्धीच उतरते, उरलेली कुणाच्या तरी गळ्यातून ऐकावी लागते.

शेवटी मी 'म्यूझस्कोर' घेतलं. ते फुकट आहे, हे एक कारण. पण त्याचा कोडही खुला आहे; उद्या कंपनीने हात वर केले तरी दुसरं कुणी तो पुढे चालवू शकतं. प्रत्येक चाल मी तीन प्रकारे ठेवतो: मूळ फाईल, म्युझिक एक्सएमएल आणि कागदावरची छापील प्रत.

तुम्हीही काही लिहीत असाल, तर सॉफ्टवेअरमध्ये वाद्यांचे आवाज किती गोड आहेत हे नंतर ऐका. त्यातून आपले सूर बाहेर कसे काढायचे, ते आधी बघा.