यंत्राचा ठेका आणि वादकाचा कान

चांद्याहून गडचिरोलीकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेंत मूल लागतें. सभोंवार धानाच्या बांध्या, त्यांपलीकडे सागाचें व बांबूचें रान, आणि गांवांत धानाच्या गिरण्या, असें या तालुक्याच्या ठिकाणाचें रूप आहे. धान कापून, मळून घरीं आलें आणि हातांत चार पैसे आले, म्हणजे या झाडीपट्टींतील गांवें नाटकाच्या नादाला लागतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रीं नाटक, ही येथील जुनी जोडी. दिवाळीपासून होळीपर्यंत हा हंगाम चालतो. वडसा ऊर्फ देसाईगंज हें नाटकमंडळ्यांचें मुख्य ठाणें. खेळ रात्रीं उभा राहतो तो उजाडतां उजाडतां संपतो. दंडार, खडी गंमत आणि रानांतल्या गोंड-माडियांचा रेला नाच हेहि याच मातींतले.

अशा रात्रीं ऑर्गनपाशीं बसणाऱ्या वादकाचें काम पाहण्यासारखें असतें. जुन्या वळणाचें नाट्यपद त्यानें सांभाळावयाचें, मग लावणी, शोकाच्या प्रसंगाला भजनाची चाल, आणि मध्यरात्र उलटून मंडळी पेंगूं लागली कीं चालू चित्रपटाचा नाच. शेजारीं तबला असतो, आणि त्याच्या जोडीला अलीकडे ऑक्टोपॅड, म्हणजे काठीनें वाजवावयाचें आठ चौकटींचें विजेचें तालवाद्य. हा वादक कोणत्या घराण्याचा म्हणावा? सर्वांचें ऐकणें त्याला भागच आहे, म्हणून तो सर्वांचा शागीर्द.

विजेच्या यंत्रांवर नाचाचें संगीत रचणाऱ्यांविषयीं सुशिक्षित घरांतून एक समजूत रूढ आहे, ती अशी कीं, हे लोक एकच धडधड रात्रंदिवस ऐकतात आणि तीच पुन्हा रचतात. इतिहास निराळें सांगतो. या संगीताच्या प्रत्येक वळणावर जो माणूस उभा दिसतो, त्याचा कान आपल्या प्रांताबाहेर लागलेला होता. आणि त्या इतिहासांतील सर्वांत विलक्षण प्रकरण मुंबईंत घडलेलें आहे.

तथापि आरंभ थोडा मागून करावा लागतो. ज्या पेटीवर मराठी रंगभूमीचें संगीत दोन-तीन पिढ्या पोसलें, ती पेटी मुळांत परदेशी यंत्रच. देबेन नांवाच्या फ्रेंच कारागिरानें १८४२ मध्यें तिचें पेटंट घेतलें. आपल्याकडे ती आली, जमिनीवर बसली, आणि तिचे वादक खयाल-ठुमरीवाल्यांच्या मागें बसून नवा कान कमावूं लागले. गोविंदराव टेंबे हे त्यांतले अग्रणी. १९११ सालीं ‘मानापमान’ रंगभूमीवर आलें तेव्हां त्यांनीं त्यांतील पदांना पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग दिला. नाटकाच्या मांडवांत तो रंग तोंपर्यंत परकाच होता. प्रेक्षकांनीं तो असा आपलासा केला कीं, आज तें सारें अस्सल मराठी वाटतें. पेटीवर मात्र आक्षेप राहिलाच. तिचे स्वर बांधलेले, तिच्यांतून मींड निघत नाहीं, या कारणावरून १९४० सालीं आकाशवाणीनें तिला दार बंद केलें. हा निर्बंध १९७१ पर्यंत सैल झाला नाहीं. मींडेचा हा मुद्दा पुढें एका अनपेक्षित ठिकाणीं उपयोगी पडणार आहे.

चित्रपटांच्या वाद्यवृंदांत ही कानांची देवाणघेवाण अधिक जोरानें झाली. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनीं १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत जाझचा झोक आणला. त्या कामीं गोव्याचे तुतारीवादक चिक चॉकलेट त्यांच्यासमवेत होते. त्याच सी. रामचंद्रांनीं दोनच वर्षांनीं ‘अनारकली’ला चाली दिल्या, आणि त्या ऐकून कोणीहि त्यांना विलायती म्हटलें नाहीं. गोव्यांतील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं तर १९५८ मध्यें मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणांत रागांवर आधारलेलें आपलें संगीत भल्या मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलें. चर्चमध्यें स्वरलेखन शिकलेल्या या मंडळींना रागाची ओढ लागली होती, आणि राग शिकलेल्यांना जाझची.

विजेचें वाद्य या घरांत शिरलें तें मात्र गारुड्याच्या वेषांत. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटांतील पुंगी ही पुंगी नव्हेच. क्लॅव्हिओलिन नांवाच्या फ्रेंच विद्युत्-वाद्यावर ती कल्याणजींनीं वाजविली, आणि साथीस रवि यांची हार्मोनियम होती. संगीतकार हेमंतकुमार. ती धून वरातींतून अद्यापि वाजते, आणि भर रस्त्यांत रुमाल तोंडांत धरून नागासारखें डोलणाऱ्या वऱ्हाड्याला आपण विद्युत्-संगीताच्या एका फार जुन्या नमुन्यावर नाचत आहों याची वार्ताहि नसते.

आतां मुख्य प्रकरण. चरणजित सिंग हे मुंबईंतील चित्रपट-वाद्यवृंदांतले एक वादक. जन्म १९४० चा. गिटार आणि पुढें सिंथेसायझर हीं त्यांचीं वाद्यें. शंकर-जयकिशन, सचिनदेव व राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे त्यांनीं वाजविलें, आणि लग्नसमारंभांतून वाजविणारा स्वतःचा वाद्यवृंदहि चालविला. म्हणजे झाडीपट्टींतील ऑर्गनवाल्याप्रमाणेंच, सांगितलें तें वाजविणारा आणि म्हणून सर्व कांहीं ऐकलेला असा हा माणूस. त्या वेळीं डिस्कोची लाट होती. १९८० मध्यें ‘कुर्बानी’ आला, १९८२ मध्यें ‘डिस्को डान्सर’. सिंगांकडे जपानच्या रोलँड कंपनीचीं तीन यंत्रें होतीं: टीआर-८०८ हें तालयंत्र, टीबी-३०३ हें खर्जाची साथ करणारें यंत्र, आणि जुपिटर-८ हा सिंथेसायझर. त्यांच्या मनांत आलें कीं, चित्रपटांत डिस्को पुष्कळ झाला. आतां तबला बाजूस ठेवून, डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवून पाहावेत.

१९८२ मध्यें ग्रामोफोन कंपनीनें ही ध्वनिमुद्रिका काढली. नांव सरळच होतें, ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’. भैरव, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग तींत आहेत. पहांटेचा ललत आणि मध्यरात्रीचा मालकंस एकाच चालीनें, एकाच दमांत. कर्मठ श्रोत्याला येथेंच ठेंच लागावी. आणि तक्रार अगदींच निराधार नाहीं. यांत राग उलगडत नाहीं. तो फिरतो. आलापाची विश्रांति नाहीं, समेची वाट पाहण्याचें सुख नाहीं. पायाखालीं एकसारखा ठोका आणि त्यावर स्वरांची न थांबणारी साखळी. परंतु वर्ज्य स्वर वर्ज्यच राहतात, आणि भैरवाचा कोमल ऋषभ कोमलच लागतो. ज्यानें राग नुसता पुस्तकांत वाचला त्याचें हें काम नव्हे.

आणि येथें तो मींडेचा मुद्दा येतो. टीबी-३०३ हें यंत्र एकट्या गिटारवाल्याला खर्जाची साथ मिळावी म्हणून १९८१ मध्यें बाजारांत आलें. खऱ्या बास-गिटारीसारखें तें वाजेना, म्हणून गिटारवाल्यांनीं तें टाकलें, आणि १९८४ मध्यें कंपनीनेंहि तें बंद केलें. परंतु त्यांत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आणि हवा तो स्वर ठसक्यानें उठविण्याचीहि. पेटीला जें कधींच साधलें नाहीं, त्याची पुसट कां होईना, छाया या टाकाऊ डब्यांत होती. राग ऐकलेल्या कानाला ती सांपडली, यांत नवल तें काय?

ध्वनिमुद्रिका खपली नाहीं. डिस्कोवाल्यांना तींत गाणें नव्हतें, आणि रागवाल्यांना तींत बैठक नव्हती. ती विस्मृतींत गेली.

पांच वर्षांनीं, १९८७ मध्यें, अमेरिकेंतील शिकागो शहरीं फ्यूचर या नांवानें एकत्र आलेल्या तीन तरुणांची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तींत हेंच टीबी-३०३ होतें. त्याचीं बटणें पिळून पिळून त्यांनीं तो किरकिरता, वितळल्यासारखा आवाज काढला, आणि ‘ॲसिड हाउस’ नांवाचा नृत्यसंगीताचा एक पंथच जन्माला आला. पुढें २००२ मध्यें एका डच संग्राहकाला दिल्लीच्या दुकानांत सिंगांची मुद्रिका मिळाली, आणि २०१० मध्यें त्यानें ती पुन्हा प्रसिद्ध केली. तेव्हां युरोपांत एकच गलका झाला. कित्येकांना ती कोणा खोडसाळाची बनावट वाटली. उरलेल्यांनीं ॲसिड हाउसचा जनक मुंबईंत सांपडला अशी द्वाही फिरविली.

दोन्ही मतें उतावळेपणाचीं. बनावट तर ती नव्हेच. परंतु जनक म्हणावयाचें तर वंश दाखवावा लागतो, आणि शिकागोच्या त्या तरुणांनीं मुंबईची मुद्रिका ऐकली होती असें मानावयास कांहींच आधार नाहीं. यंत्र एकच असल्यामुळें आवाज जुळला, एवढेंच खरें. सिंगांचें श्रेय याहून निराळें आणि, नीट पाहिलें तर, याहून मोठें आहे. शिकागोच्या मुलांना तो आवाज यंत्राशीं खेळतां खेळतां गवसला. सिंगांनीं तो रागासाठीं मागून घेतला. परदेशांतल्या वंशावळींत त्यांचें नांव घुसडल्याशिवाय त्यांना मान देतां येऊं नये, ही मात्र आपल्या मनाची गरिबी म्हणावी लागेल.

अमेरिकेंतील डेट्रॉइट शहराची हकीकत रेडिओच्या श्रोत्यांना विशेष रुचेल. तेथें सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ‘इलेक्ट्रिफाइंग मोजो’ या नांवानें एक निवेदक रात्रीचा कार्यक्रम करी. कोणत्या श्रोत्यांसाठीं कोणतें संगीत, ही वांटणी त्यानें मानलीच नाहीं. कृष्णवर्णीयांचें फंक, प्रिन्सचीं गाणीं आणि जर्मनींतील ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्क मंडळीचें थंड, काटेकोर यंत्रसंगीत तो एकामागून एक लावी. बेलव्हिल गांवीं शिकणारे हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे तिघे तें ऐकत वाढले, आणि त्यांच्या हातून ‘टेक्नो’ निपजला. एका निवेदकाच्या आवडीनें एवढें घडलें.

गोव्याची तऱ्हा आणखी वेगळी. हणजुणेच्या किनाऱ्यावर साठच्या दशकाच्या अखेरीपासून परदेशी भटके येऊन राहूं लागले, आणि त्यांच्या मेजवान्यांतून रॉकचें राज्य होतें. ऐंशीच्या दशकांत लॉरां नांवाचा फ्रेंच तरुण आणि सान् फ्रान्सिस्कोहून १९७० मध्यें आलेला गोवा गिल यांच्यासारख्यांनीं तेथें यंत्रसंगीत आणलें. तबकड्या उन्हानें वांकड्या होत, म्हणून सारा कारभार कॅसेटांवर. बेल्जियम, जर्मनी, इंग्लंड, इटली येथील मुद्रिका ते मागवीत, त्यांतील गाणाऱ्याचा आवाज कापून टाकीत, आणि उरलेले निर्मनुष्य तुकडे जोडून रात्रभर पुरेल असा पट विणीत. नव्वदच्या दशकांत ‘गोवा ट्रान्स’ हें नांव जगभर झालें तें या कात्रकामांतून. त्याच गोव्यांतल्या मांड्यांचें, धालोंचें, देवळांतल्या भजनाचें या मंडळींच्या कानांवर काय पडलें, हा प्रश्न विचारला म्हणजे उत्तर फारसें उत्साहवर्धक मिळत नाहीं. किनारा गोव्याचा होता, कान बाहेरचे होते. ज्या संगीतानें गांवाचें नांव घेतलें त्यानें गांवाचें ऐकलें फार थोडें.

उलट मुंबईच्या गणेश विसर्जनांत जें ‘बँजो’ म्हणून वाजतें, तें १९१२ मध्यें जपानांत नागोया येथें मोरिता यानें निर्माण केलेलें ताइशोगोतो. इकडे तें बुलबुलतरंग झालें, त्यास वीज जोडली गेली, आणि कोळीगीत काय, चित्रपटगीत काय, सारें त्यावर चढलें. या रस्त्यावरच्या नादाचें ऋण ‘न्यूक्लिया’ या नांवानें यंत्रसंगीत रचणाऱ्या उदयन सागर यांनीं उघड मानलें. २०१५ मध्यें त्यांचा ‘बास रानी’ हा संग्रह निघाला तोहि मुंबईच्या विसर्जनाच्या मिरवणुकींत. नागपूरपासून छत्तीसगडापर्यंत जें धुमाल गाड्यांवर चढून वाजतें, त्यांत ढोल-ताशाशेजारीं कीबोर्ड आणि पॅड असतात. त्यास कोणी संग्रहाचें नांव दिलेलें नाहीं, इतकेंच.

नांवाचा प्रश्न शेवटीं असा उरतो. चित्रपटाच्या मुद्रिकेवर संगीतकाराचें नांव येई, गायकाचें येई. वाद्य वाजविणाराचें बहुधा येत नसे. चरणजित सिंग यांना स्वतःच्या नांवाची मुद्रिका मिळाली, ती अट्ठावीस वर्षांनीं जगाला सांपडली, आणि उतारवयांत युरोपच्या रंगमंचांवर तींच यंत्रें घेऊन त्यांना बसतां आलें. ५ जुलै २०१५ रोजीं ते वारले. झाडीपट्टींतील नटवर्य डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्यें पद्मश्री मिळाली, तेव्हां या रंगभूमीकडे सरकारचें लक्ष गेलें याचा आनंद मुलापासून वडशापर्यंत सर्वांना झाला. ऑर्गनवाल्याचें वादन अजून ज्या त्या रात्रीपुरतेंच असतें. नाट्यपद, लावणी, भजन आणि नाच यांच्यामधले जे सांधे तो बसल्या जागीं, नटाच्या चेहऱ्याकडे पाहत जुळवितो, ते सकाळीं मंडपाबरोबर उतरतात, आणि सामान पुढच्या गांवच्या वाटेला लागतें.